एकास अठ्ठेचाळीस

तांबरम पूर्वेला, कॅम्प रोडच्या आत एका गल्लीत वॉरंटसाहेब राहतात. त्यांच्याकडे जाणाऱ्याने पंखा लावू नये. टेबलावरच्या कुठल्याही वस्तूला, ती कितीही कचऱ्यासारखी दिसली तरी, हात लावू नये. आणि मधोमध ठेवलेल्या विमानाकडे बोट दाखवून ‘हे राफेल का हो?’ असं तर मुळीच विचारू नये. पहिल्या दोन गुन्ह्यांना साहेब नुसते ओरडतात. तिसऱ्याला चहा येत नाही.

मूळचे ते कागलकडचे. हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून भरती झाले, म्हणजे विमानातून इंजिन, बंदुका आणि वैमानिक वजा केल्यावर जे उरतं ते सांभाळणारे. देशभर फिरले, वॉरंट ऑफिसर झाले, शेवटची वर्षं इथल्या मेकॅनिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना रिव्हेट मारायला शिकवलं आणि इथंच पेन्शनीत निघाले. गावी परतायचं ठरलं होतं. पण गावचं घर भावकीत अडकलं, मुलगा कॅनडात अडकला आणि साहेब तांबरममध्ये.

इथं असे निवृत्त हवाई सैनिक गल्लोगल्ली आहेत. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात (आमच्या शाखेत एक आहेत, माझ्यापेक्षा त्यांना गिऱ्हाइकं जास्त ओळखतात), कुणी सोसायटीचे सेक्रेटरी होऊन पाण्याच्या टँकरवर राज्य करतात. साहेबांनी यातलं काहीच घेतलं नाही. त्यांनी जेवणाचं टेबल घेतलं. तेव्हापासून त्या घरात मंडळी मांडीवर ताट घेऊन जेवतात.

लोक मनातल्या मनात रुपयांत, किलोमीटरमध्ये, फार तर तोळ्यांत हिशेब करतात. साहेब एकास अठ्ठेचाळीसमध्ये करतात. पाव इंचाला एक फूट, असं ते माप. जगात जे काही आहे त्याला ते आधी अठ्ठेचाळीसने भागतात आणि मग त्याबद्दल मत बनवतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, “साडेतीन सेंटीमीटर.” मी पाच फूट सहा इंच आहे. मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांची गोष्ट काकू अजून रंगवून सांगतात. मुलगा निघून गेल्यावर काकूंनी अधीर होऊन विचारलं, “अहो, कसा वाटला?” साहेब म्हणाले, “पावणेचारला हाय.” स्थळ जमलं. जावई खरोखरच पाच फूट अकरा इंच आहे.

ही खोड लहानपणापासूनची म्हणायची. दिवाळीत पोरांनी पन्हाळा केला. वर हळीव पेरले, खाली चुन्याच्या रांगोळीची वाट काढली आणि मधोमध मातीचे महाराज सिंहासनावर बसवले. साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या पाचवीतल्या पोराने, फूटपट्टी आणून सांगितलं की या हिशेबाने महाराजांची उंची चाळीस फूट होते आणि तीन दरवाजा त्यांच्या गुडघ्याला लागतो. पोरांनी त्याला बदडलं. “मारलं ते मारलं,” साहेब सांगतात, “पन मोजून कुनीच बघितलं न्हाई.”

आता टेबलावरचं विमान. त्याचं नाव एक्स-२४१, आणि ते ऐकून ज्याला काही आठवेल असा माणूस त्या गल्लीत अजून यायचा आहे. स्वातंत्र्यानंतर आपण स्वतःचं लढाऊ जेट बनवायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याला पाचारण केलं. महायुद्धात दोस्तांच्या वैमानिकांची झोप उडवणारं फोक-वुल्फ १९० यांचंच. १९५६ साली टांक बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले आणि त्यांच्या हाताखाली एचएफ-२४ मरुत आकाराला येऊ लागलं. पण अशा प्रकारचं विमान देशात पूर्वी कुणी केलेलं नाही, तेव्हा एकदम इंजिन लावून सोडायचं कसं? म्हणून आधी त्याच मापाचं, तेच पंख, तीच शेपूट, तीच आत ओढली जाणारी चाकं असलेलं, पण लाकडाचं आणि बिनइंजिनाचं विमान बनवलं. १९५९ मध्ये ते उडू लागलं. डकोटा विमानाच्या मागे दोरीने बांधायचं, वर न्यायचं, दोरी सोडायची आणि आत बसलेल्या वैमानिकाने ते आपलं आपण खाली आणायचं. ग्लायडरचे पंख कसे लांबलचक, घारीसारखे असतात. याचे आखूड आणि मागे झुकलेले. म्हणजे दोरी सुटली की तरंगत फिरण्याची चैन नाही, जमीन भराभर वर येणार. अशी ७८ उड्डाणं झाली. मग एकदा उतरताना नाकाचं चाक बाहेरच आलं नाही आणि ग्लायडरची पार मोडतोड झाली. पण तोवर त्याचं काम झालं होतं. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी खरं मरुत हवेत नेलं. पुढे १४७ मरुत बनली, १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या रणगाड्यांवर ती तुटून पडली. इंजिन मात्र मनासारखं कधीच मिळालं नाही, त्यामुळे टांकनी कागदावर काढलेला वेग त्याला आयुष्यात गाठता आला नाही. या मुद्द्यावर साहेब फारसं बोलत नाहीत. इंजिन हे एअरफ्रेम फिटरचं खातं नव्हे.

“म्हणजे ते विमानच मुळात मॉडेल होतं,” मी एकदा म्हटलं. “तुम्ही मॉडेलचं मॉडेल करताय.”

“एकास एक होतं ते,” साहेब म्हणाले. “आमी नुसतं पुढचं काम कराय लागलोय.”

सरळ मरुतच का करत नाही, यावरही त्यांचं उत्तर तयार आहे. मरुत वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभं आहे, बंगळूरला विश्वेश्वरय्या संग्रहालयात आहे, जर्मनीतसुद्धा म्युनिकजवळ श्लाइसहाइमला एक नेऊन ठेवलंय. “कुनीबी जावं आन् टेप लावावी. त्यात काय हाय? ह्येला टेप लावाय कुठं जानार?” ज्याला टेप लावता येत नाही अशाच वस्तूवर माणसाने जीव टाकावा, हे मला तेव्हा फार थोर वाटलं. काकूंना वाटत नाही.

भिंतीवर तीन तसबिरी आहेत. एक गणपती. दुसरे डॉ. वि. मा. घाटगे, कोल्हापूरकडचे, म्हणून साहेबांच्या दृष्टीने जवळजवळ घरचेच. गोटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली शिकले, परत येऊन वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये काढलेल्या बंगळूरच्या कारखान्यात रुजू झाले आणि १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडलं. हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी त्यावर हात साफ केला. तिसरे टांकसाहेब. हे तिसरे कोण, हे नवख्या माणसाला कळत नाही. एका बाईंनी ते कॅनडाच्या मुलाचे सासरे असावेत असं धरून ‘व्याही फार रुबाबदार आहेत हो’ म्हणून काकूंचं अभिनंदनही केलं होतं. काकूंनी ते स्वीकारलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

टांक बंगळूरला गेले त्याच्या आधी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवत होते. अब्दुल कलाम तिथलेच विद्यार्थी, आत्मचरित्रात त्यांनी टांक यांचा उल्लेख केला आहे. ही संस्था क्रोमपेटला. क्रोमपेट म्हणजे तांबरमहून निघालं की लोकलचं दुसरं स्टेशन, सॅनेटोरियमनंतरचं. लोकल तिथं थांबली की साहेब संस्थेच्या दिशेला वळून मान लववतात. गर्दीची वेळ असते, त्या दिशेला कुणीतरी उभं असतंच. एकदा फुलांची टोपली घेतलेल्या एका बाईंनी उलट नमस्कार करून उठून त्यांना बसायला जागा दिली. साहेब पार्क स्टेशनपर्यंत टांकसाहेबांच्या पुण्याईवर बसून गेले.

मूळ विमान लाकडाचं, म्हणून मॉडेलही लाकडाचंच, हा साहेबांचा पहिला निश्चय. आत प्लायचे आडवे छेद, वरून बाल्साच्या पट्ट्या, लांबी तेहेतीस सेंटीमीटर, पंखांचा पसारा पावणेएकोणीस. पंख एका बाजूचा दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त भरला तेव्हा साहेब रात्रभर झोपले नाहीत. “अर्धा मिलिमीटर म्हंजे खऱ्या इमानात एक इंच. एक इंच मोठा पंख घेऊन कुठला पायलट उडंल?” त्यांनी पंख उतरवला, पॉलिश पेपरने बारीक केला, आणि तो तिसऱ्या बाजूने कमी पडला. विमानाला तिसरी बाजू नसते हे मलाही ठाऊक आहे. पण साहेबांच्या पंखाला ती निघते.

नाकापुढे वेग मोजण्यासाठी एक सुईसारखी नळी हवी होती. बाजारात मिळणारी तार म्हणजे खऱ्या विमानात ड्रेनेजचा पाइप. साहेबांची नजर फिरता फिरता काकूंच्या इन्सुलिनवर पडली. ती सुई पाव मिलिमीटर जाडीची. अठ्ठेचाळीसने गुणलं, बारा मिलिमीटर. बरोब्बर! त्या दिवशी साहेबांनी काकूंच्या मधुमेहाबद्दल प्रथमच आपुलकीने चौकशी केली. पुढचा आठवडाभर वापरलेल्या सुया ते चिमट्याने उचलत, भिंगाखाली धरत, पेन्सिलच्या शिशावर घासत. त्यातली एक बसली. ती बसल्याचं त्यांनी मला फोन करून कळवलं, तेव्हा आमच्या शाखेत ऑडिट चालू होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, कुणाला काय बसली? मी म्हटलं, नाकात सुई. त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरी येणाऱ्यांत साहेब फक्त एका माणसाला मानतात. ते रायर. तंजावरी मराठी, एकोजीराजांच्या मागोमाग साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज, पेरांबूरच्या रेल्वे डबे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढलेले. त्यांची मराठी अशी की शब्द बखरीतले आणि चाल तमिळ. आम्ही तिघं बोलू लागलो की कागलची, पुण्याची आणि तंजावरची मराठी एकमेकींना वाट देत देत चालतात, आणि काकूंची तमिळ कामवाली मध्येच सगळ्यांना समजेल असं बोलते. रायर टीका करतात ती चहा संपल्यावर. तोवर नुसते बघत असतात. आणि ते बघायला लागले की साहेबांच्या हातातला पेपर थांबतो.

लाकडाचं अंग घासून गुळगुळीत झालं तेव्हा रायर आले, भिंग लावून पाहिलं, चहा संपवला आणि म्हणाले, “रेषा दिसतात.”

“लाकूड हाय राव. खरंबी लाकडाचंच होतं.”

“हो. पण हे झाड अठ्ठेचाळीसपट मोठं आहे.”

साहेबांचा चेहरा पडला. मुद्दा बिनतोड होता. लाकडाचे रेषे काही लहान करून मिळत नाहीत. खऱ्या ग्लायडरवर जो रेषा केसाएवढा दिसला असता तो इथं दोरखंड झाला होता. मग साहेबांनी लांबी भरायला घेतली. लांबी, घासणे, प्रायमर, घासणे, परत लांबी. चारशे नंबरचा पेपर, मग आठशेचा, मग बाराशेचा पाण्यातला. महिन्यांमागून महिने गेले आणि एक दिवस लाकडाचा मागमूस राहिला नाही. अंग काचेसारखं झालं. तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, टेबलाकडे बघून कौतुकाने म्हणाला, “प्लास्टिक, सार?”

त्या महिन्यात काकूंना सिलिंडर चार दिवस उशिरा मिळाला. साहेबांनी त्याच्याकडून घ्यायचाच नाही म्हणून सांगितलं होतं.

रिव्हेटबद्दल मात्र साहेब खूश असतात. कुणी जाणता माणूस येऊन म्हणाला की अंगावर रिव्हेट दाखवल्या नाहीत, पत्र्याचे सांधे कोरले नाहीत, की त्यांच्या डोळ्यांत तेज येतं. “लाकडाच्या इमानाला रिव्हेट?” एवढंच म्हणून ते गप्प बसतात आणि समोरचा माणूस लहान होत जाताना बघतात. साडेतीन सेंटीमीटरपर्यंत.

खरा घोळ रंगाचा. त्यांच्याकडे असलेले फोटो काळेपांढरे. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग दिसत नाही, एवढंच आपल्यासारख्यांना माहीत असतं. साहेबांना त्याहून वाईट गोष्ट माहीत आहे, की तो खोटा दिसतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल कळत नाही, म्हणून लाल काळा उतरतो आणि निळा फिका पडतो. पँक्रोमॅटिकवर पिवळा फिल्टर चढवला की आभाळ गडद होतं. फिल्म कुठली, फिल्टर होता का, ऊन कसलं, हे कळल्याशिवाय फोटोतल्या करड्याला नाव देता येत नाही. ते करडं चंदेरी असेल, क्रीम असेल, फिकट निळं असेल किंवा नुसतं न पुसलेलं पांढरं. साहेब बंगळूरला गेले, कारखान्यातले दोन म्हातारे शोधून काढले. दोघांनीही ते विमान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. एक म्हणाले चंदेरी, दुसरे म्हणाले क्रीम. दोघं शेजारी राहतात, पन्नास वर्षांचा घरोबा होता. हल्ली बोलत नाहीत, असं कळतं.

साहेब दोन्ही रंग देऊन बघतात. आता प्रत्येक हात म्हणजे एक थर, थर म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, अठ्ठेचाळीसने गुणलं की अडीच मिलिमीटर. दहा हात झाले की विमान सगळीकडून इंचभर सुजतं. मग ते उतरवायचं, परत प्रायमरपर्यंत यायचं. शिवाय रंग जसाच्या तसा देऊन भागत नाही. तुम्ही मॉडेल एका फुटावरून बघता, म्हणजे खऱ्या विमानापासून अठ्ठेचाळीस फुटांवर उभे असता. मधल्या हवेने रंग फिकटतो. म्हणून पांढऱ्याचा थेंब घालायचा. तो किती घालायचा याचं साहेबांकडे कोष्टक आहे. तेव्हा परिस्थिती अशी की मूळ रंग कुठला ते ठरलेलं नाही, पण तो किती फिका करायचा ते पक्कं ठरलेलं आहे. सरकारी समित्यांचे अहवाल मी बरेच वाचले आहेत, मला हे नवं नाही.

त्यात तांबरमची हवा. लॅकर दमट हवेत मारलं की थिनर उडता उडता अंग गार पडतं, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर दुधाळ साय धरते. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, तेव्हा लॅकरचं नाव नको. एप्रिल-मेमध्ये अॅक्रिलिक एअरब्रशच्या तोंडाशीच वाळून बसतं. राहिले मधले दिवस, त्यात सकाळी दव आणि दुपारनंतर समुद्राकडून ओला वारा. भिंतीवर आर्द्रता मोजणारं घड्याळ आहे. त्याचा काटा खाली आला रे आला की साहेब लुंगी खोचून हाक देतात, “पंखा बंद! खिडकी बंद! कुनी हलायचं न्हाई!” काकूंची फोडणी तशीच जळते, कारण फोडणीचा धूर म्हणजे रंगावर तेलाचा थर. एकदा असा योग जुळला तेव्हा मी आत होतो. सगळे श्वास रोखून उभे. एअरब्रशची फुस्स झाली, पंखावर चंदेरी धुकं पसरलं, आणि आकाशातून एक डास उतरला. तो एकास एक होता. पंखावरून तो ज्या डौलाने थोडं चालून थांबला ते बघून रायर हळूच म्हणाले, “लँडिंग चांगलं केलं.”

साहेबांचा एक भाचा कोल्हापुरात असतो. त्याने एकदा निरोप पाठवला की मामा, हे कुठलं परकीयाने काढलेलं विमान करत बसलाय, आपल्या तळपद्यांचं ‘मरुत्सखा’ करा, शाळेच्या प्रदर्शनात ठेवू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तिच्यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. साहेबांनी भाच्याला एक ओळ पाठवली: ड्रॉइंग पाठव. भाच्याने ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली चित्रं पाठवली. साहेबांनी उलट टपाली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केलेला अभ्यास पाठवला. त्यांनी ती सगळी विमानं गणितात घालून पाहिली होती आणि एकही उडण्याजोगं निघालं नव्हतं. भाच्याने त्यावर मामांना काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात इंग्रजांचा उल्लेख होता.

त्या दिवशी साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. पटाशी पुसत बसले होते. म्हणाले, “तळपद्यांनी कायतरी केलंच असनार हो. उगंच न्हाई नाव ऱ्हात. बांबू आनला असंल, कापड आनलं असंल, चार रात्री जागला असंल मानूस. पन किती फूट होतं, कसलं लाकूड, एकानं तर लिहून ठेवायचं! टेप लावायची!” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर भाच्याला त्यांनी दुसरी ओळ पाठवली: ड्रॉइंग सापडलं तर कधीही सांग, हातातलं काम ठेवून करीन.

२०२४ च्या ऑक्टोबरात मरीनावर हवाई दलाची कवायत झाली. त्याच्या आधीच्या आठवड्यात सरावाची विमानं तांबरमवरून उठत होती. सगळी गल्ली गच्चीवर. राफेल, सुखोई, तेजस, सूर्यकिरण. पोरं किंचाळत होती, म्हातारे कानांवर हात ठेवून हसत होते. ज्या माणसाने उभा जन्म विमानांत घालवला तो कुठं दिसेना, म्हणून मी खाली गेलो. साहेब टेबलावर पालथे पडून दोन्ही हातांनी विमान झाकून होते. डोक्यावरून जेट गेलं की छताच्या गिलाव्याची भुकटी पडत होती.

“साहेब, वर चला! राफेल आलंय!”

“येऊ दे. ओलं हाय हे अजून.”

पुन्हा एक गडगडाट झाला, खिडक्या थरथरल्या. साहेबांनी मान वर न करताच ओळखलं, “सुखोई. दोन.” आणि फुंकर मारून नाकावरची धूळ उडवली, विमानाच्या.

शेवटी हे काम पुरं झालं ते काकूंमुळे. गणेश चतुर्थी आठवड्यावर आली आणि त्यांनी जाहीर केलं की बाप्पा यंदा मांडीवर बसणार नाहीत, त्यांना टेबल लागतं. रंग चंदेरी ठरला, कारण क्रीमचा डबा काकूंनी लपवला. चतुर्थीच्या सकाळी त्यांनी तांबरमच्या बाजारातून ओल्या मातीचा पिळ्ळैयार आणला, त्याच्यावर धरायची कागदी छत्री आणली, रुईच्या फुलांची माळ आणली, आणि समोर आपला माहेरचा पितळी उंदीर मांडला. विमानाला दुसरीकडे जागा नव्हती, तेही आराशीतच राहिलं. संध्याकाळी गल्लीतली पोरं आरतीला आली. विमानाला इंजिन नाही, ते कुणीतरी ओढून न्यावं लागतं, एवढं साहेबांनी त्यांना शिकवलेलंच होतं. पोरांनी शिवणाचा दोरा आणला आणि एक टोक विमानाच्या नाकाला, दुसरं उंदराच्या शेपटाला बांधलं.

आरती झाली. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघू लागले. रायर भिंग काढून पुढे झाले. प्रसादाचा मोदक शांतपणे संपवला.

“उंदीर स्केलमध्ये नाही,” ते म्हणाले.

साहेबांनी खिशातून पट्टी काढून उंदराला लावली. नऊ सेंटीमीटर. “सव्वाचार मीटर होतोय,” ते म्हणाले. “इमान वढंल. पन उडायचा न्हाई. डकोटाच पायजे.”

“डकोटा केवढं असतं?” काकूंनी विचारलं.

“पंख एकोणतीस मीटर. म्हंजे साठ सेंटीमीटर.”

“आणि हे पुढे, ते मागे? टेबलावर मावणार आहे का?”

“मधी दोरी असती न्हवं. शंभर मीटर धरली तर हितं दोन मीटर.”

काकूंनी टेबलापासून आतल्या दारापर्यंत नजर टाकली. “म्हणजे एक इमान हॉलमध्ये आणि एक माझ्या स्वयंपाकघरात.”

रायरांनी मान डोलावली. साहेबांनी पट्टी परत खिशात न घालता तशीच हातात धरली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “ओट्याची उंची किती गं?”